अडीचचा ढग

"गावंड्या, मेल्या, ढग मोजतंस की पत्रिका जुळवतंस? खाली ये, चाय थंड झाली."

भाई केळुसकर खालून ओरडले तेव्हा मी वेधशाळेच्या गच्चीवर मान वर करून उभा होतो. दुपारचे अडीच वाजले होते आणि माझ्या डोक्यावर तो उभा होता. पांढरा, गुबगुबीत, खालून सपाट. कालही होता, परवाही होता. पाऊणशे पावलांवर समुद्र सुरू होत होता, आणि समुद्रावर बघावं तर पार क्षितिजापर्यंत ढगाचा ठिपका नाही. जो काय होता तो आमच्याच बेटावर.

मी वहीत लिहिलं, 'दोन', आणि चहाला खाली आलो.

या गोष्टीला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. बेट अरबी समुद्रातलं, पोवळ्यांचं, चार मैल लांब आणि अर्धा मैल रुंद. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं सरळ आहेत आणि माझ्या भानगडीत त्यांचं नाव कशाला? मी मूर्तिजापूरकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू व्हायला निघालो तेव्हा, आणि पाहिल्याबरोबर बोटीच्या कठड्यावर ओणवा होऊन त्याला नमस्कार केला. उलटीचा नमस्कार. वेधशाळेत आम्ही दोघंच. मी उमेदवार निरीक्षक, आणि भाई केळुसकर माझे वरिष्ठ, वेंगुर्ल्याचे. बिनतारी यंत्र तेच चालवत, मासे तेच तळत आणि माझी टिंगलही तेच करत. तिन्ही कामांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

काम सोपं होतं. दिवसातून चार वेळा हवामान पाहायचं, वहीत लिहायचं, की भाई ते आकडे यंत्रावर कटकट करत पाठवणार. ढगांचा हिशेब असा, की आभाळाचे मनातल्या मनात आठ वाटे करायचे आणि किती वाटे झाकलेत ते लिहायचं. शून्य म्हणजे आभाळ लख्ख, आठ म्हणजे गच्च. खालच्या ढगांचा रकाना वेगळा, उंचावरच्या पातळ ढगांचा वेगळा. आणि एक नियम भाईंनी मला पहिल्याच दिवशी कान धरून शिकवला होता.

"वहीत खाडाखोड करूची नाय. चुकलंस तर एक आडवी रेघ मारूची, चुकीचा होता ता खाली दिसाक होया. बाजूक खरो आकडो, सही आणि वेळ. कळला?"

"हाओ."

"हाओ काय मेल्या, होय म्हण."

असा आमचा संसार चालला होता. खरा संसार मात्र मूर्तिजापुरात अडकला होता. चंद्रकला तायडेशी माझं लग्न ठरलं होतं. तिचे वडील, तायडे गुरुजी, शाळेत हेडमास्तर. त्यांनी साखरपुड्यातच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "नोकरी कायम झाल्याचं पत्र दाखवा, मग अक्षता." पत्र पाठवायची परवानगी होती, पण माझं प्रत्येक पत्र आधी गुरुजी वाचत, लाल शाईनं शुद्धलेखन सुधारत आणि मग पोरीच्या हातात देत. अशा पत्रात माणूस काय कपाळ लिहिणार? मी ढग लिहायचो. आठ वाटे कसे करायचे, कोणत्या ढगाला काय म्हणायचं, वहीचे नियम काय. चंद्रकलाचं उत्तर यायचं, 'आज आमच्या अंगणावर तीन. आईने वाळवण गच्चीवर टाकले आहे.' गुरुजींना वाटायचं, पोरांना विज्ञानाची गोडी लागली.

मार्चमध्ये जहाजानं डाक आणली आणि तिच्यात कचेरीचं पत्र. खाली सही, तपासणी अधिकारी सबनीस.

'आपल्या वेधशाळेच्या दुपारी अडीचच्या नोंदीत खालच्या ढगांचा आकडा सलग एक्केचाळीस दिवस 'दोन' असा आहे. ढगाने आपल्याकडे कायमची बदली करून घेतली आहे काय? की निरीक्षक गच्चीवर न जाता आदल्या दिवशीची नोंद उतरवून काढतात? पुढील फेरीत मी स्वतः येत आहे. तोपर्यंत आपणास कायम करण्याचा विचार स्थगित.'

मी ते पत्र तीनदा वाचलं. आयुष्यात कधी नव्हे ते मी काहीतरी नेमानं केलं होतं, उन्हात टाळू भाजून घेतली होती, आणि हा साहेब मला कामचोर म्हणत होता!

"भाई, ढग रोज येतो त्यात माझा काय दोष?"

"तुझो दोष ह्यो की तू रोज खरा लिवतंस." भाई सुरमईला मीठ लावत होते. "दुपारी वाळू तापता, गरम वारो वर जाता, त्याचो ढग होता. बेट थंय ढग. ह्या हंयच्या पोराटोरांकपण म्हायत आसा. पण कचेरीक पंख्याखाली बसान कसा कळतला? अधीमधी तीन लिव, एकदा एक लिव. कचेरीक बरा वाटता."

"दिसतो तेवढाच लिहीन."

"मगे लग्न कर ढगावांगडा."

मी रागानं जेवलो नाही. म्हणजे, दोन तुकड्यांवर तिसरा घेतला नाही.

आता आट्टकोयाबद्दल सांगायला हवं. आट्टकोया म्हणजे पूर्वेकडच्या शेजारच्या मोठ्या बेटाहून आमच्याकडे माणसं आणि सामान आणणारा म्हातारा नावाडी. जहाज त्या मोठ्या बेटाला लागायचं, आणि तिथून पंचवीस मैल आट्टकोयाच्या बोटीतून. आमचं बेट इतकं बुटकं, की माडांचे शेंडे दिसेपर्यंत तुम्ही जवळ आलेले असता, आणि पाण्याच्या ओढीनं जरा बाजूला गेलात तर दिसतही नाहीत. दीपगृह तेव्हा नव्हतं. मग आट्टकोया काय करायचा? ढग बघायचा. मोकळ्या समुद्रावर एकच ढग एका जागी उभा, त्याच्याखाली आमचं बेट. आणि ढग नाही दिसला तर? भाईंनी त्याच्याकडून ऐकलेलं मला सांगितलं होतं. इंजिन बंद करायचं, नांगरासारखं टोपलं पाण्यात सोडायचं आणि निमूट बसून राहायचं. अंदाजानं पुढे गेला तो बेट चुकला, आणि बेट चुकलं की पुढे आफ्रिकेपर्यंत चहाची टपरी नाही. ही शेवटची ओळ भाईंची.

सबनीस साहेब येणार होते तो दिवस उजाडला. सकाळी नऊला आट्टकोया त्यांना घेऊन निघाल्याचं यंत्रावर आलं. दोनपर्यंत पोचायला हवे होते. मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वही पुसली. माझं सगळं गणित एकच होतं. साहेब बोटीतून उतरतील, मी वर ढगाकडे हात करीन आणि म्हणेन, हा बघा तुमचा बदलीवाला.

साडेअकराच्या नोंदीला भाई गच्चीवर आले आणि सूर्याकडे हात आडवा धरून बघत राहिले.

"आज सूर्याक खळा पडलेला आसा."

खरंच, सूर्याभोवती मोठं कडं होतं. सगळ्या आभाळावर उंच कुठंतरी पातळ दुधट साय धरली होती आणि ऊन फिकं पडलं होतं.

"बरंच आहे ना, साहेबांना ऊन लागणार नाही," मी म्हणालो. भाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, काहीतरी बोलणार होते, पण खाली कढईत तेल तापत होतं, ते पळाले.

बारा वाजले. ढग नाही. एक वाजला. मी वाळूवर उतरून अनवाणी उभा राहिलो. रोज पाय भाजायचे, आज कोमट. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. वरच्या सायीनं ऊन अडवलं होतं, वाळू तापलीच नव्हती, तर ढग कुठून येणार? दोन वाजले. अडीचला मी गच्चीवर गेलो, आणि खालच्या आभाळात काहीसुद्धा नव्हतं. एक्केचाळीस दिवसांची पत्रापर्यंतची हजेरी, नंतरच्या दोन आठवड्यांची वेगळी, आणि नेमका आज ह्या गृहस्थाला दांडी मारायची होती!

काय सांगू राजेहो, मला रडू यायचं बाकी राहिलं. शून्य लिहावं तर साहेब म्हणणार, बघा, मी आलो त्या दिवशी ढग नाही, म्हणजे आधीचे सगळे दोन खोटे. बोट कुठल्याही क्षणी लागणार होती. गुरुजींचा चेहरा डोळ्यांसमोर आला, मग चंद्रकलाचा. मी इकडेतिकडे पाहिलं. गच्चीवर मी एकटाच. उंच ढगांच्या रकान्यात खरं लिहिलं. खालच्या ढगांच्या रकान्यात लिहिलं, 'दोन'.

आकडे घेऊन खाली आलो. भाईंच्या एका हातात झारा होता. त्यांनी दुसऱ्या हातानं आकडे पाठवले, वर बघितलंही नाही.

"दोन ना?"

"दोन."

तीन वाजले. साडेतीन वाजले. बोट नाही. मी किनाऱ्यावर तीन फेऱ्या मारल्या. इस्त्रीचा शर्ट भिजून अंगाला चिकटला. मला आधी बरंच वाटत होतं, की उशीर होतोय तोवर ढग उगवेल. मग मी ढग बघायचं सोडून क्षितिजावर बोट शोधायला लागलो.

चारला यंत्र कडकडलं. भाई हेडफोन कानाला लावून लिहीत गेले आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

"मोठ्या बेटावरसून विचारतत, बोट पोचली? नाय म्हणान सांगितलंय." त्यांनी हेडफोन काढला. "ते म्हणतत, तुमच्या अडीचच्या नोंदीत ढग दोन आसा. ढग होतो म्हणजे आट्टकोयाक बेट दिसला असतला. दिसान पण पोचलो नाय, म्हणजे उत्तरेच्या खडकार आपटलो. बिनतारी यंत्र आसलेल्यो त्यांच्यो दोन बोटी ते उत्तरेक सोडतत. अडीच तास उजेड आसा."

मी दारातून किनाऱ्याकडे पाहिलं. आमच्या बेटावरच्या बोटी सकाळीच मासेमारीला गेल्या होत्या. शोधायला ह्या दोनच, आणि माझ्या त्या एका आकड्यामुळे त्या चुकीच्या बाजूला निघाल्या होत्या. आट्टकोयाला ढग दिसलाच नव्हता. तो मध्येच कुठंतरी इंजिन बंद करून बसला असणार, आणि ओढ त्याला पश्चिमेला नेत असणार. बोटीत पाण्याचा एक डबा. रात्रीतून ते कुठं जाऊन पडतील याचा पत्ता नाही.

"भाई."

"काय?"

खरं सांगितलं तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर चंद्रकला गेली. एवढं सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात होतं, खोटं कशाला बोलू? एकदा वाटलं, गप्प राहावं, साहेब खडकावरही असू शकतात.

"खरा सांग, गावंड्या," भाई हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात टिंगल नव्हती. "ढग होतो?"

"नव्हता. शून्य. मी खोटं लिहिलं, भाई."

भाई वळले आणि यंत्रावर बोट आपटायला लागले. मला ती भाषा थोडी कळत होती. 'अडीचची नोंद चूक. ढग शून्य. बोट वाटेत थांबली असणार. आमच्या पूर्वेला शोधा.' मग त्यांनी तेच परत पाठवलं. मग तिसऱ्यांदा.

"आता वही हाड," ते म्हणाले. "रेघ मार."

मी वही आणली आणि 'दोन'वर एक आडवी रेघ मारली. बाजूला 'शून्य' लिहिलं. सही केली, वेळ घातली, चार वाजून बारा मिनिटं. माझी सही इतकी वाकडी कधीच आली नव्हती. भाईंनी झाकलेली मासळी पुन्हा झाकली, गॅसबत्ती पेटवली आणि यंत्राच्या खांबावर उंच टांगून ठेवली. तेव्हा अजून चांगला उजेड होता.

सहाला निरोप आला. सापडले. आमच्यापासून नऊ मैलांवर, पश्चिमेकडे सरकत होते, पण सगळे धड होते. भाईंनी मला पाणी दिलं आणि स्वतः दोन पेले प्याले.

दिवेलागण होऊन गेल्यावर बोटी गॅसबत्तीच्या रोखानं आल्या. सबनीस साहेब उंच, शिडशिडीत गृहस्थ. कोट हातावर, चेहरा उलट्या करून हिरवा पडलेला. वाळूवर उतरले, दोन पावलं डुलले आणि म्हणाले, "नोंदवही."

मी कंदील धरला. त्यांनी पान उघडलं. त्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे दोन?"

"खोटं आहे, साहेब."

"आणि हे शून्य?"

"खरं आहे."

"ते मला सांगू नका. त्या शून्याखाली मी चार तास बसलो होतो." त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्या आट्टकोयानं भर समुद्रात इंजिन बंद केलं. म्हणतो, ढग नाही, पुढे जाणार नाही. मी म्हटलं, बाबा रे, ढगाचा काय भरवसा? तर म्हणतो, त्या बेटावर रोज ढग असतो, माझ्या आजानंसुद्धा बघितलाय. मी गप्प बसलो. दुसरं काही करायला नव्हतंच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन कशासाठी लिहिलंत?"

"तुम्ही येणार होतात म्हणून."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. भाई हसू दाबत होते.

"म्हणजे एक्केचाळीस दिवस तुम्ही खरं लिहिलंत तेव्हा मी विश्वास ठेवला नाही," साहेब म्हणाले, "आणि मी विश्वास ठेवावा म्हणून आज खोटं लिहिलंत. आपल्या दोघांपेक्षा तो नावाडी बरा. आत काय तळलंय?"

दुसऱ्या दिवशी साय विरली, ऊन कडकडीत पडलं आणि अडीचला तो आपल्या जागेवर हजर. पांढरा, गुबगुबीत, काल कुठं होतास म्हणून विचारायची सोय नाही. साहेब गच्चीवर माझ्या शेजारी उभे होते. वर बघून त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'दोन'. खाली सही केली.

मला वाटलं, सुटलो. पण जाताना ते म्हणाले, "आधीच्या सगळ्या नोंदी मी मान्य करतो, आणि त्या पत्राबद्दल दिलगीर आहे. कालच्या नोंदीसाठी उमेदवारी सहा महिने वाढवतो. तुम्ही चार वाजून बारा मिनिटांनी रेघ मारलीत म्हणून सहाच."

त्याच बोटीनं मी गुरुजींना पत्र पाठवलं. लपवायची आता हिंमतच नव्हती. सगळं लिहिलं. दोन का लिहिलं, शून्य केव्हा केलं, रेघ कशी मारली. शेवटी लिहिलं, 'लग्नाचे आपण ठरवाल ते.' चंद्रकलासाठी वेगळं काही लिहायची लाज वाटली.

पुढची डाक यायला तेवीस दिवस लागले. भाई त्या तेवीस दिवसांत मला एकदाही मेल्या म्हणाले नाहीत, त्यामुळे मी जास्तच घाबरलो होतो. आट्टकोयानं आणलेल्या थैलीत माझ्या नावाचं एकच पोस्टकार्ड निघालं. अक्षर चंद्रकलाचं, गोल आणि ठसठशीत.

'मूर्तिजापूर. आमच्या अंगणातून, दुपारी अडीच वाजता. ढग:'

आणि पुढे 'आठ' लिहिलं होतं. त्या आठावर एकच आडवी रेघ. बाजूला लिहिलं होतं, 'शून्य'. सही, 'चं.' वेळ, दुसऱ्या दिवशीची. बाकी कार्ड कोरं. फक्त खालच्या कोपऱ्यात लाल शाईत, शाळेच्या वहीत असतो तसा, गुरुजींचा एक शब्द आणि त्यांची सही. 'तपासले.'

भाईंनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून वाचलं.

"पोरगी एक दीस रडली आणि मोकळी झाली. आणि म्हाताऱ्यान पास केल्यान तुका." त्यांनी कार्ड परत दिलं. "आता उभो कित्याक रवलंस मेल्या? अडीच वाजले, गच्चीर जा."

मी गेलो. ढग आला होता, पण मला तो धड दिसेना, सारखं पाणी मध्ये येत होतं. त्या दिवशीचा आकडा भाईंनी वर येऊन लिहिला.